गाढवाच्या अल्बममधलं चौथं गाणं

काकांना सगळ्या गोष्टींची काळजी वाटायची, फक्त मोठ्या आवाजाची वाटत नसे.

श्रीवर्धनच्या शाळेत मला नोकरी लागली आणि त्यांच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. टेम्पोतलं सामान खाली यायच्या आत त्यांनी मला अंगणात उभं करून वर बघायला लावलं. "बाई, हा माड लक्षात ठेवा. याच्याखाली उभं राहून फोनवर बोलायचं नाही. नारळ काही सांगून पडत नाही." मग गॅसची नळी, मग विहिरीचा कठडा, मग वाडीतल्या शेवाळलेल्या वाटेवर पाय कसा टाकायचा, ते सगळं दाखवून झालं. शाळेतून यायला मला जरा उशीर झाला की ते फाटकाशी उभे दिसत. मी दिसले की काही न बोलता आत जात, जणू उगाच वारा खायला बाहेर आले होते.

आणि हाच माणूस दुपारचा चहा झाला की ओटीवर छातीएवढ्या उंचीच्या दोन स्पीकरमधून असा काही दणदणाट सुरू करी की माझ्या खोलीतली ताटं मांडणीवर सरकू लागत. पहिल्या दिवशी मी धावत बाहेर आले. मला वाटलं, कुठेतरी काहीतरी कोसळलं. काका डोळे मिटून आरामखुर्चीत बसले होते. चेहऱ्यावर एकही आठी नव्हती. शेजारी काकू शांतपणे सुपारी सोलत होत्या.

"घाबरलीस ना?" त्या म्हणाल्या. "मीही लग्नानंतर वर्षभर घाबरत होत्ये. आता मला ते बंद झालं की दचकायला होतं."

काका तरुणपणापासून बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. बंदराबंदरांतून त्यांनी रॉकच्या तबकड्या गोळा केल्या होत्या. कोकणातल्या दमट हवेत त्यांना बुरशी लागेल ही त्यांची आणखी एक काळजी. जुन्या मलमलच्या पातळाचे तुकडे करून ते एकेक तबकडी पुसत, आणि पुसताना श्वाससुद्धा बाजूला सोडत. अल्बमांची खरी नावं मला कधी कळली नाहीत, कारण घरात ती कुणी घेतच नसे. कव्हरवर जे चित्र असेल तेच नाव. छत्रीचा, खुर्चीचा, गाढवाचा.

त्यांची मतं ठाम होती आणि ती न विचारता मिळत. "गाणारा हा पाहुणा असतो बाई. घर ड्रमवाल्याचं." "पहिलं गाणं ऐकून अल्बमविषयी बोलू नये. ते दुकानाच्या पाटीसारखं असतं." प्रत्येक अल्बम फक्त एका गाण्यासाठी काढलेला असतो, बाकीची गाणी त्याच्यापर्यंत जायचा रस्ता असतात, आणि ते एक गाणं सहसा गाजलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. छत्रीच्या अल्बममध्ये ते गाणं म्हणजे शेवटून दुसरं. त्यात गिटारवाला एका जागी चुकतो, आणि चूक झाकण्याऐवजी पुढे तीच चूक मुद्दाम पुन्हा करतो. ती जागा आली की काका बोट वर करत. "बघा. घाबरला नाही." हे ते अशा आवाजात म्हणत की मला वाटे, त्या गिटारवाल्याचा त्यांना हेवा वाटतो.

खुर्चीचा अल्बम मात्र ते फार कमी लावत. त्याची पहिली बाजू चौघं एकमेकांचे मित्र असताना वाजवलेली आहे आणि दुसरी मैत्री तुटल्यावर, असं त्यांचं ठाम मत. हे कुठे छापून आलं होतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "छापायला कशाला हवं? दुसऱ्या बाजूला कुणी कुणासाठी थांबत नाही." ती बाजू लागली की त्यांचा पाय हलू लागे आणि ते मधेच उठून गॅस बंद आहे ना ते बघून येत. पण गाणं गाळायचं नाही, तबकडी अर्धवट काढायची नाही, हा त्यांचा नियम. आवडो न आवडो, वाजेल ते सगळं ऐकायचं.

काकूंचंही एक मत होतं. एका अल्बममध्ये गाणारा सुरुवातीला खोकतो. "तो खोकतो ते लावा," असं त्या सणासुदीला सांगत. काका ते निमूटपणे लावत, पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणत, "गाणं सामान्य आहे. खोकला चांगला आहे, हे मान्य."

आठवड्यातला त्यांचा खरा दिवस शुक्रवार. म्हसळ्याचे इक्बालभाई जुम्म्याची नमाज पढून, जेवून, जरा पडून उठले की फोन करत. दोघं एकाच बोटीवर होते. इक्बालभाई इंजिनाकडे, काका विजेकडे, आणि दोघांत मिळून एक केबिन. निवृत्त झाल्यावर एक म्हसळ्याला गेला, एक श्रीवर्धनला आला, आणि केबिनमधलं भांडण फोनवर आलं. आठवड्याला एक अल्बम ठरायचा. दोघं आपापल्या घरी तो ऐकत आणि शुक्रवारी त्यातल्या खऱ्या गाण्यावरून भांडत. काका फोन स्पीकरवर टाकत, त्यामुळे ते भांडण सगळ्या आळीला ऐकू जाई.

"अरे भटा, तुझे कान समुद्रात पडले काय रे?"

"आणि तुझ्या कानात डिझेल गेलंय, इक्बाल्या. त्या ऑर्गनमध्ये काय आहे? लग्नाच्या बँडसारखा वाजतो."

फिरून फिरून ते गाढवाच्या अल्बमवर येत. त्याच्या कव्हरवर ओसाड पेट्रोलपंपावर उभं असलेलं एक गाढव होतं. काकांच्या मते त्यातलं खरं गाणं म्हणजे अगदी शेवटचं, लांबलचक. ते संपतं असं वाटतं आणि संपत नाही. इक्बालभाईंच्या मते दुसऱ्या बाजूचं पहिलं, ऑर्गनचं. इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही तसूभर हललं नव्हतं. एकमत होतं ते एकाच बाबतीत. पहिल्या बाजूचं चौथं गाणं म्हणजे त्या अल्बमला लागलेला डाग. ते एक गुळचट प्रेमगीत होतं, संथ, आणि त्या काळी रेडिओवर तेच वाजायचं. त्याचा विषय निघाला की दोघंही एकदम प्रेमाने बोलू लागत.

"ते ऐकवत नाही यार."

"कंपनीने घुसवलं असेल रे. स्वतःहून कोण करील असलं?"

एका शुक्रवारी फोन आला नाही.

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि स्वतः लावला. वाजून वाजून बंद झाला. काकू म्हणाल्या, झोपले असतील. काकांनी पुन्हा लावला. मी शाळेतून आले तेव्हा ते अंगणात त्याच माडाखाली उभे होते, फोन कानाला लावून. ते पाहिल्यावर मला काय ते समजलं.

"बाई, गाडी आहे ना तुमची?"

मी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. काका कधी तिच्यात बसले नव्हते. बसत ते एसटीत, आणि तेही चालकाचा चेहरा बघून. त्या दिवशी ते मागच्या सीटवर बसले, पुढची सीट दोन्ही हातांनी धरली आणि म्हसळ्यापर्यंत प्रत्येक वळणाला म्हणाले, "हॉर्न द्या." मधल्या वेळात फोन लावत राहिले. घाटात रेंज गेली तेव्हा ते फोन वर धरून बघू लागले. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. रेडिओ लावू का, असं मी विचारलं, तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

म्हसळ्याला घराला कुलूप. शेजारची बाई बाहेर आली. "चाचांना माणगावला नेलाय. नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना पडले. तोंड असं वाकडं झालं."

माणगावच्या दवाखान्यात आम्ही पोहोचलो तेव्हा इक्बालभाईंची सून शबाना बाकावर बसून होती. मुलगा आखातात. तिने सगळं एकटीने केलं होतं, रिक्षा बोलावण्यापासून. काकांना बघून ती उठली आणि म्हणाली, "अंकल, जीव वाचला म्हणतात डॉक्टर. पण उजवी बाजू गेली. आणि बोलत न्हाय." काका "बरं" म्हणाले. मग पुन्हा "बरं" म्हणाले. मग तिच्या शेजारी बसले आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

इक्बालभाई घरी आले. महिना गेला, दुसरा गेला. उजव्या पायात थोडा जीव आला, जीभ मात्र तशीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलत राहा, बोलायला लावा. दर शुक्रवारी मी काकांना म्हसळ्याला नेई. काका खाटेशेजारी खुर्ची ओढून बसत आणि तब्येतीविषयी चकार शब्द न काढता भांडण सुरू करत. दोन्ही बाजू स्वतःच मांडत. "तू म्हणशील ऑर्गन. पण ऑर्गनला पाठ कोण देतंय, ते ऐक ना." इक्बालभाई आधी त्यांच्याकडे बघत. मग छताकडे बघू लागले. मग काका आले की तोंड भिंतीकडे वळवू लागले.

"जेवतही न्हाय नीट," शबाना बाहेर येऊन हळूच म्हणाली. "चमचा नेला की मान फिरवतात. आता नको झालंय त्यांना सगळं."

परतताना घाटातल्या एकाही वळणाला काका "हॉर्न द्या" म्हणाले नाहीत. मला त्या शांततेचीच जास्त धास्ती वाटली. त्या आठवड्यात ओटीवर एकही अल्बम वाजला नाही. काकू दोनदा माझ्या खोलीत येऊन बसल्या, कारण नसताना. "ते रात्रीचे उठून बसतात गो," म्हणाल्या. "मी विचारलं तर म्हणतात, विचार करतोय. इतक्या वर्षांत यांनी काळजी केलेली मी पाहिली. विचार कधी नाही."

पुढच्या शुक्रवारी गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कधी कुणाच्या तोंडावर खोटं बोललात? सरळ, डोळ्यांत बघून?"

"बोलले असेन काका. का?"

"जमतं का?"

मी हसले. ते हसले नाहीत.

इक्बालभाई भिंतीकडे तोंड करून पडले होते. शबाना पेजेची वाटी घेऊन उभी होती. काकांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"इक्बाल," ते म्हणाले. इक्बाल्या नाही, इक्बाल. "एक सांगायचंय. मी गाढवाचा अल्बम पुन्हा ऐकला. इतकी वर्षं आपलं दोघांचं चुकलं. तुझं ऑर्गनचंही नाही आणि माझं शेवटचंही नाही. खरं गाणं चौथं आहे."

शबाना चमचा हातात धरून काकांकडे बघू लागली.

"ते प्रेमाचं. रेडिओवर लागायचं ते. काय गोड आहे रे. बाकीचा अल्बम त्याच्यापुढे नुसता गोंगाट आहे." त्यांचा आवाज चिरकत होता. "तुझा तो ऑर्गन काढून टाकला तरी चालेल. काढूनच टाकायला हवा होता."

इक्बालभाईंची मान भिंतीकडून वळली. हळूहळू, पण पूर्ण वळली. मी त्यांचे डोळे असे कधी पाहिले नव्हते. डाव्या हाताने त्यांनी खाटेची कड धरली आणि उठू पाहिलं.

"न," ते म्हणाले. तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ ओघळली. "न... न..."

"का नाही? सांग ना. का नाही?"

"न... ना! ना!" त्यांनी डावा हात फिरवला, आणि शबानाच्या हातातली वाटी उडून पेज काकांच्या सदऱ्यावर सांडली. इक्बालभाईंचा चेहरा लालभडक झाला, कपाळाची शीर टरारली, धाप लागली.

"अंकल, बस करा!" शबाना ओरडली. "प्रेशर वाढेल त्यांचं! बस करा!"

काका मागे सरले. भिंतीला टेकले. मग तसेच बाहेर निघून गेले. मी त्यांच्या मागे गेले तेव्हा ते पायरीवर बसले होते, सदऱ्यावरची पेजही न पुसता.

"मी त्याला मारलं तर नाही ना, बाई?"

"नाही काका. आत ठीक आहेत ते."

"तुम्ही बघून या. पुन्हा एकदा बघून या."

मी तीन वेळा बघून आले. शबाना इक्बालभाईंच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि ते माझ्याकडे बघून मान हलवत होते, नाही, नाही, नाही, जणू मीच ते मत मांडलं होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काकांनी स्वतः फोन करायचं सोडलं. करायचा तो मी करायचा आणि बाहेर येऊन सांगायचं. माझा चेहरा फाटकातून आत येतानाच ते वाचायचे, तेव्हा मी शाळेतून दमून आले तरी हसत आत यायची सवय लावून घेतली. शबानाचा सूर पहिल्यांदा तुटक होता. अब्बा ठीक आहेत, एवढंच. मग एके दिवशी तिनेच फोन केला.

"मॅडम, अंकलना सांगा, जेवतात आता. रागाने जेवतात पण जेवतात. आणि ते गाढवाचं आहे ना, ते लावायला सांगतात. हाताने कान दाखवतात, असे लांब लांब."

माणगावहून एक बाई त्यांचे बोलायचे व्यायाम घ्यायला येत असत. त्यांनी सांगितलं की ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधी कधी गाता येतं, तेव्हा एखादं संथ, सोप्या शब्दांचं गाणं घ्या. गाढवाच्या अल्बममध्ये संथ आणि सोप्या शब्दांचं गाणं एकच होतं.

हे ऐकून काकांनी कपाळाला हात लावला. आनंद झाला होता, तो दिसत होता, पण त्याच्यावर लगेच एक नवी काळजी येऊन बसली. "म्हणजे तो आता रोज ते ऐकणार?" आणि थोड्या वेळाने, "त्याला खरंच आवडायला लागलं तर? माझ्या सांगण्यावरून?" काकू म्हणाल्या, "आवडू दे की. माणूस बोलतोय." "तसं नव्हे गं," काका म्हणाले. "त्याचे कान चांगले होते. माझ्यामुळे बिघडले, तर?"

ते कित्येक शुक्रवार म्हसळ्याला गेले नाहीत. कधी पाऊस, कधी वाडीतली कामं, कधी माझ्या गाडीचे टायर त्यांना झिजलेले दिसत. पुढे माझी बदली अलिबागच्या बाजूला झाली, आणि जाण्याआधी मीच हट्ट धरून त्यांना घेऊन गेले.

इक्बालभाई खुर्चीत बसले होते. बारीक झाले होते, पण दाढी नीट केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. काकांना बघून डावा हात वर केला.

"ये... भटा."

काका दारातच थांबले. मग आत येऊन बसले. शबाना चहा घेऊन आली. कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवून ते म्हणाले, "इक्बाल्या, मी खोटं बोललो होतो."

इक्बालभाईंनी एक भुवई वर केली.

"चौथ्या गाण्याबद्दल. ते भिकार आहे. तेव्हाही होतं, आत्ताही आहे. तू बोलावंस म्हणून मी... मला दुसरं काही सुचलं नाही."

इक्बालभाईंचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतायत. शबानालाही तसंच वाटलं असावं, कारण ती पुढे झाली. ते हसत होते.

"मा...हीत," ते म्हणाले. एकेक अक्षर ओढून आणत होते. "माहीत... होतं."

"माहीत होतं? मग वाटी कशाला फेकलीस?"

"ऑर्गन," इक्बालभाई म्हणाले. "ऑर्गनला... बोललास."

"आणि मग रोज तेच गाणं का म्हणतोस, मूर्खा?"

"सोपं," ते म्हणाले. "सोपं आहे."

शबानाने सांगितलं, अब्बा आता दोन कडवी म्हणतात. म्हणून दाखवा ना अब्बा. इक्बालभाईंनी डोळे मिटले, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि सुरू केलं. आवाज फाटका होता, पण शब्द शब्दाला जोडून येत होता. बोलताना अडखळणारा हाच माणूस, हे खरं वाटेना. पहिलं कडवं पार पडलं. दुसऱ्याच्या मध्यावर ते थांबले. ओठ हलत होते, हात ठेका देत होता, आणि पुढचा शब्द येत नव्हता. पुन्हा मागची ओळ घेतली, पुन्हा तिथेच अडले. कपाळावर घाम आला. शबानाला तो शब्द येत नव्हता, ती माझ्याकडे बघू लागली. मला तर त्या गाण्यातलं काहीच येत नव्हतं. मांडीवरचा हात मंदावला.

काका खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघत होते. तसेच बघत राहून त्यांनी हलक्या आवाजात तो शब्द सांगितला, आणि मग त्याच्या पुढची ओळही, सुरात.